टोल्युइन, नरसाळं आणि जानेवारीची दुपार: भोसरीच्या एका शेडमधली आग

भोसरी एमआयडीसीतलं रबर-आधारित चिकटद्रव्य बनवणारं लहान युनिट. पत्र्याची शेड, पंधरा-सोळा माणसं, एक मिक्सर, आणि मागच्या भिंतीला लागून टोल्युइनचे, म्हणजे रबर विरघळवणाऱ्या ज्वालाग्राही द्रावकाचे, 200 लिटरचे लोखंडी बॅरल. जानेवारीतली दुपार, तीनचा सुमार, तापमान 28 अंश, हवा कोरडीठाक. हेल्पर हवेवर चालणाऱ्या पंपानं बॅरलमधून 20 लिटरच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये टोल्युइन भरत होता. कॅनच्या तोंडावर स्टीलचं नरसाळं, नरसाळ्यात गाळायला मलमलीचं फडकं. कॅन भरत आला तसा त्यानं नरसाळं उचलायला हात पुढे केला. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि कॅनच्या तोंडाशी ज्वाळा उठली.

हे प्रकरण कुठल्याही एका कारखान्याचं नाही. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या अशा शेडमध्ये जे सामान आणि ज्या सवयी आढळतात, त्यांतून ते प्रशिक्षणासाठी जुळवलेलं आहे. टोल्युइनचे आकडे मात्र टोल्युइनचेच आहेत, आणि सगळा घोळ त्या आकड्यांतच दडलेला आहे.

पुढचे तीन मिनिटं

हात भाजल्याबरोबर हेल्परनं तो मागे ओढला. कॅन आडवा झाला आणि निम्म्याहून जास्त टोल्युइन फरशीवर गेलं. पंप चालूच होता. त्याच्या हवेचा कॉक बॅरलच्या मागे, म्हणजे आगीच्या पलीकडे. नळीतून टोल्युइन येत राहिलं. दुसऱ्या एकानं जवळच्या पिंपातून बादलीभर पाणी ओतलं. टोल्युइनची घनता 0.87, ते पाण्यावर तरंगतं. त्यामुळे आग विझण्याऐवजी पाण्यावर बसून मोरीच्या दिशेनं सरकली. सुपरवायझरनं दाराजवळचा कॉम्प्रेसरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा पंप थांबला, आणि मग दोघांनी दोन बाजूंनी 9 किलोचे ड्राय पावडरचे सिलिंडर मारून आग आवरली.

हेल्परचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. पॉलिएस्टरच्या टी-शर्टची बाही वितळून कातडीला चिकटली. चालू बॅरल पेटला नाही. त्याच्या दोन इंची बुचात पंपाची नळी अडॅप्टरनं घट्ट बसवलेली होती आणि पाऊण इंची बूच हवा आत जाण्यापुरतं सैल होतं. ज्वाळा त्या फटीपर्यंत पोचली नाही, एवढंच. त्या तापमानाला बॅरलमधल्या रिकाम्या जागेची हवा स्फोटक होती. ते कसं, हे पुढे येईल.

चौकशी कुठे अडकली

अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: बिडी कोण ओढत होतं? दुसरा प्रश्न मोबाइलचा. इथेही तेच झालं. खिसे तपासले, हेल्परचा फोन त्याच्या डब्याच्या पिशवीत सापडला, माचिस कुठेच नाही. मग शंका बिजलीच्या बोर्डावर. तो सहा मीटर लांब, आणि आग बोर्डाकडून कॅनकडे आलेली नव्हती. ती कॅनच्या तोंडाशीच सुरू झाली, हात नरसाळ्याजवळ गेला त्या क्षणी. म्हणजे संशय स्थिर विद्युतवर, वाहण्या-घासण्यानं साठणाऱ्या विजेवर. स्थिर विद्युत मागे पुरावा ठेवत नाही. ती फक्त वेळ आणि जागा सांगते, आणि इथे दोन्ही अगदी नेमक्या होत्या.

जाबजबाबात सर्वांत उपयोगी वाक्य मिक्सरवरच्या जुन्या ऑपरेटरचं होतं: “साहेब, दहा वर्षं हेच काम करतोय, कधी काही झालं नाही.” असं वाक्य सहसा सबब म्हणून बाजूला ठेवलं जातं. ते खरं मानून चालावं. दहा वर्षं खरंच काही झालं नव्हतं. मग काय बदललं?

आधीची पद्धत अशी होती. बॅरल लोखंडी स्टँडवर आडवा, पाऊण इंची तोंडाला पितळी कॉक, खाली स्टीलची बादली, कधी कॉकला अडकवलेली तर कधी सिमेंटच्या जुन्या ओलसर कोब्यावर ठेवलेली. 20 लिटर भरायला दीड मिनिट लागे. गाळणं नाही. उघडी बादली हातात धरून मिक्सरपर्यंत न्यायची. दिसायला गैरच सगळं.

आगीच्या आधीच्या आठेक महिन्यांत चार सुधारणा झाल्या. वासानं डोकं दुखतं अशी तक्रार आली म्हणून उघड्या बादलीऐवजी झाकणाचा प्लॅस्टिक कॅन आला. बॅरल स्टँडवर चढवताना पाठी धरायच्या म्हणून हवेवर चालणारा डायफ्रॅम पंप आला, पॉलिप्रॉपिलीनच्या बॉडीचा, त्याला एक इंची पारदर्शक पीव्हीसी नळी. गंजाचे पापुद्रे मालात यायला लागले म्हणून नरसाळ्यात फडकं आलं. ग्राहकाच्या ऑडिटसाठी कोब्यावर निळं एपॉक्सी चढलं. चारही बदलांमागे कारण होतं, चारही कागदावर चांगले दिसतात, आणि चारही वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या महिन्यांत केले. जुनी बादली आणि जुना कोबा मिळून अर्थिंगचं काम करत होते हे कोणाच्याच यादीत नव्हतं. त्यामुळे ते काढताना कोणाला काही काढल्यासारखं वाटलंच नाही.

ठिणगीचा हिशोब

टोल्युइन वीज जवळपास वाहूनच नेत नाही. त्याची विद्युतवाहकता 1 पिकोसीमेन्स प्रति मीटरच्या आसपास धरली, तर द्रवात साठलेला प्रभार (चार्ज) साधारण 21 सेकंदांत एक-तृतीयांशावर येतो, तोही भांडं धातूचं आणि अर्थिंग केलेलं असेल तरच. ॲसिटोनमध्ये हेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. म्हणून ‘आम्ही ॲसिटोन असंच भरतो’ हा दाखला टोल्युइनला लागू पडत नाही.

द्रव नळीतून वाहताना प्रभार वेगळे होतात; वेग वाढला की प्रभार वाढतो. सुरक्षित भरणीचा प्रचलित नियम असा की नळीचं तोंड द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला 1 मीटरच्या वर जाऊ नये. एक इंची नळीत 1 मीटर म्हणजे मिनिटाला सुमारे 29 लिटर. 20 लिटरला निदान 40 सेकंद. नवा पंप 20 लिटर 20 सेकंदांत भरत होता, म्हणजे सेकंदाला 2 मीटर. शिवाय धार वरून पडून शिंतोडे उडत होते, त्यानं प्रभार आणखी वाढतो. आणि फडकं. बारीक गाळणीतून जाताना प्रभार कित्येक पटींनी वाढतो. मोठ्या कारखान्यांत फिल्टरनंतर द्रवाला पाइपमध्ये 30 सेकंद तरी मिळतील अशी लांबी ठेवतात ती याचसाठी. इथे फिल्टर थेट कॅनच्या तोंडावरच.

आता नरसाळं. धातूचं, खाली प्लॅस्टिकचा कॅन, वर पीव्हीसी नळी, कशालाच अर्थिंग नाही. अशा अधांतरी धातूच्या तुकड्याची धारिता, म्हणजे प्रभार साठवायची क्षमता, 15 पिकोफॅरड धरू. तो 6,000 व्होल्टवर गेला तर साठलेली ऊर्जा 0.27 मिलिजूल होते. टोल्युइनची वाफ पेटायला 0.24 मिलिजूल पुरे. त्या व्होल्टेजला पोचायला लागणारा प्रभार इतका कमी, की 0.1 मायक्रोॲम्पियरचा प्रवाह तो एका सेकंदात भरून देतो. हेल्परचं बोट नरसाळ्याजवळ गेलं आणि सगळा प्रभार एकाच ठिणगीतून बाहेर पडला.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला असतो. प्लॅस्टिकला शॉक लागत नाही, म्हणून प्लॅस्टिक सुरक्षित. उलट आहे. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरूनही ठिणगी उडते, आणि तीही टोल्युइन पेटवू शकते, पण सर्वांत वाईट जोडी म्हणजे प्लॅस्टिकच्या भांड्यावर अधांतरी बसलेला धातू. नरसाळं, बादलीची तारेची कडी, आत तारेची गुंडाळी असलेली पण दोन्ही टोकांना न जोडलेली नळी: तिघांची जात एकच.

माणूसही धारित्रच आहे, सुमारे 150 पिकोफॅरडचा. रबरी तळाच्या चपला आणि एपॉक्सीची फरशी असली की तो 2,000 व्होल्टवर सहज जातो आणि त्याच्याकडे 0.3 मिलिजूल असतात. दाराच्या कडीला हात लावताना जो बारीक चटका बसतो, तेवढ्यात टोल्युइन पेटतं.

पुण्याचा हिवाळा

उन्हाळ्यात जपायचं, हिवाळ्यात काय होतंय, अशी शेडमधली समजूत. टोल्युइनच्या बाबतीत ती मोडून काढावी लागते.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून द्रवावरची वाफ पेटू शकते ते तापमान, 4 अंश सेल्सिअस. वाफ हवेत 1.1 ते 7.1 टक्के असली की मिश्रण पेटतं. बंद बॅरलमधल्या मोकळ्या जागेत वाफेचं प्रमाण तापमानावर ठरतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, हवेचा दाब 95 किलोपास्कलच्या आसपास. त्यावरून हिशोब केला तर पहाटेच्या 12 अंशांना बॅरलमध्ये सुमारे 2 टक्के वाफ, 25 अंशांना 4 टक्के, 28 अंशांना पावणेपाचच्या जरा खाली. मेच्या दुपारी 40 अंशांना 8 टक्क्यांच्या वर, म्हणजे बॅरलच्या आतलं मिश्रण पेटायला फार दाट.

टोल्युइन सर्वांत कमी ऊर्जेत पेटतं ते 4 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पुण्यातल्या हिवाळ्याची साधी, सुखद दुपार ही बॅरलच्या आतल्या हवेसाठी नेमकी सर्वांत वाईट वेळ. पेट्रोलच्या टाकीत आतली वाफ सहसा पेटण्याइतकी पातळ नसते. टोल्युइनला ते कवच नाही. (उन्हाळ्यात बॅरलच्या आत नसलं तरी तोंडाशी वाफ हवेत मिसळून पेटण्याजोगी होतेच, आणि वाफ निघतेही जास्त. तेव्हा उन्हाळ्याला कोणी सूट देऊ नये.)

त्यात कोरडी हवा. दमट हवेत प्लॅस्टिक, चपला, कोबा यांच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर धरतो आणि प्रभार हळूहळू पाझरून जातो. नळीत प्रभार तयार होणं दमटपणानं थांबत नाही. निचरा तेवढा सुधारतो. पावसाळ्यात जे बदल खपून गेले, ते जानेवारीत खपले नाहीत.

सांडलेल्या एका लिटरचं काय होतं

एक लिटर टोल्युइन पूर्ण उडालं की पुण्याच्या दाबाला सुमारे 245 लिटर वाफ होते. तिला 1.1 टक्क्यांवर आणायला 22 घनमीटर हवा लागते. दहा बाय दहा फुटांची, आठ फूट उंचीची खोली म्हणजे जवळपास तेवढीच. एक लिटर सांडला तर अशी आख्खी खोली पेटण्याजोगी होऊ शकते, आणि प्रत्यक्षात वाफ खोलीभर सारखी पसरत नाही. ती हवेच्या तिप्पट जड, म्हणून फरशीलगत साचते, उंबऱ्यावरून शेजारी जाते, गटारात उतरते. छताजवळचा एक्झॉस्ट फॅन या कामाला कुचकामी. ओढणीचं तोंड फरशीपासून 300 मिलिमीटरच्या आत हवं आणि हवा फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे मिनिटाला 0.3 घनमीटर तरी निघायला हवी. फॅनची मोटर फ्लेमप्रूफ (आतली ज्वाळा बाहेर जाऊ न देणारी), पाती ठिणगी न उडवणारी.

नाकावर भरवसा ठेवून उपयोग नाही. 1.1 टक्के म्हणजे 11,000 पीपीएम (दहा लाख भागांत 11,000), आणि 500 पीपीएमलाच टोल्युइन जिवाला तत्काळ धोकादायक समजलं जातं. वास फार आधी येतो आणि थोड्या वेळानं नाकाला त्याची सवय होऊन जाते.

फ्लेमप्रूफ म्हणून लावलेल्या दिव्यांबद्दल एक बारीक गोष्ट: पेटीची न वापरलेली केबल-एन्ट्री उघडी राहिली किंवा ग्लँड (केबल पेटीत आवळून धरणारी जोडणी) ढिला राहिला, की ती पेटी फ्लेमप्रूफ उरत नाही, तिच्यावर शिक्का कोणताही असो. आणि शंभरातल्या बऱ्याच शेडमध्ये फ्लेमप्रूफ दिव्याखाली मोबाइल चार्जिंगचा एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळत असतो.

नवी मांडणी

पहिली सूचना हीच की कॅनमध्ये भरणंच बंद करावं. बॅरल ते मिक्सर अशी बंद स्टीलची पाइप, मिक्सरच्या आत तळापर्यंत नेलेला डिप-पाइप, आणि वजन मिक्सरखालच्या लोड-सेलवर. ओतणं नाही, उचलणं नाही, वास नाही. क्लोरोप्रीन रबराच्या चकत्या मिक्सरमध्ये आधी टाकायच्या, झाकण लावायचं, मग टोल्युइन सोडायचं. उलट क्रमानं, म्हणजे टोल्युइन असलेल्या मिक्सरवर वाकून प्लॅस्टिक पिशवीतून चकत्या ओतणं, हे कॅन भरण्यापेक्षाही वाईट: पिशवी घसरताना प्रभार, मॅनहोलमधून वर येणारी वाफ, आणि बरोबर तिथेच माणसाचं तोंड.

थोडा माल काढण्यासाठी भरणी ठेवावीच लागली तर ती अशी. भिंतीवर जस्त चढवलेली लोखंडी पट्टी, ती अर्थ-पिटला जोडलेली. बॅरल, पंप आणि भांडं या तिघांना वेगवेगळ्या तांब्याच्या विणीच्या तारेनं त्या पट्टीशी जोडायचं. क्लॅम्प टोकदार स्क्रूचा, रंग आणि गंज फोडून धातूत घुसणारा. मगरतोंडी चिमटा बॅरलच्या रंगावर नुसता बसतो, जोडत काही नाही. धातूच्या जोडणीचा रोध 10 ओहमच्या आत यावा. तो मीटरनं पाहायचा, पण बुचं उघडण्यापूर्वी, कारण साधा मल्टिमीटर वाफेत वापरायचा नसतो. क्लॅम्प सर्वांत आधी लावायचे आणि सर्वांत शेवटी काढायचे, म्हणजे काढताना झालीच ठिणगी तर बुचं बंद झालेली असतील.

पंप पॉलिप्रॉपिलीनऐवजी धातूचा किंवा विद्युतवाहक प्लॅस्टिकचा. नळी वाहक, दोन्ही टोकांना जोडलेली. पीव्हीसी टोल्युइनमध्ये कडक होऊन चिरतेही. भांडं स्टीलचं, आपोआप मिटणाऱ्या झाकणाचं आणि तोंडात ज्वाळारोधक जाळी असलेलं. नळीचं टोक तळाला टेकवायचं, सुरुवात सावकाश. गाळणी हवीच असेल तर ती पंपाच्या आधी, शोषण नळीवर. गंजाच्या पापुद्र्यांचं मूळ जुन्या बॅरलमध्ये होतं, पुरवठादाराकडून आतून लेप दिलेले बॅरल मागवले असते तर फडक्याची गरजच पडली नसती.

भरून झाल्यावर निदान एक मिनिट काहीही आत बुडवायचं नाही: ना मोजपट्टी, ना नमुन्याची बाटली. भरणीच्या जागेभोवतीचं एपॉक्सी खरवडून कोबा उघडा केला किंवा वाहक लेप दिला, दोन्ही चालतं. बूट अँटिस्टॅटिक, कपडे सुती. हातमोज्यांत मात्र लोक फसतात. लॅटेक्सचे टोल्युइनमध्ये काही मिनिटांत जातात, पातळ नायट्राइलही शिंतोड्यापुरतेच. सतत काम असेल तर व्हायटॉनचे किंवा पीव्हीएचे. पीव्हीए पाण्यानं विरघळतात, तेव्हा ते धुवायचे नाहीत.

दोन सवयी सुटायला अवघड जातात, त्या बंदच हव्यात. तोंडानं ओढून सायफन लावणं: घोटभर टोल्युइन फुप्फुसात गेलं तरी जिवावर बेततं. आणि कॉम्प्रेसरची हवा बॅरलमध्ये सोडून माल वर चढवणं: बॅरल हे दाबाचं भांडं नाही, आणि हवेबरोबर ऑक्सिजनही आत जातो.

पंपाच्या हवेचा कॉक आता भरणीच्या जागेपासून लांब, दाराच्या वाटेवर, लाल रंगाचा. हेल्परच्या हातात दाबून धरावा लागणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे. हात सुटला की धार बंद. त्या दुपारी हे असतं, तर फरशीवर गेलं तेवढंच टोल्युइन जळून थांबलं असतं. आगीसाठी फोम आणि ड्राय पावडर. भांड्याच्या तोंडाशी लहान ज्वाळा असेल तर ते हलवायचं नाही, झाकण पाडायचं. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. अग्निशमन दल 101, रुग्णवाहिका 108.

कागदांचं थोडक्यात. फ्लॅश पॉइंट 23 अंशांखाली म्हणून टोल्युइन ‘अ’ वर्गात येतं. परवान्याशिवाय ठेवता येण्याची मर्यादा 30 लिटर. म्हणजे पहिला बॅरल दारात आला त्याच दिवशी पेट्रोलियम कायद्याचा परवाना लागतो. परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे म्हणून तो विषय लांबचा, असं मानणारे मालक भेटतात.

रिकामे बॅरल

प्रकरण मिटलं असं वाटत असताना मागच्या अंगणात बारा रिकामे बॅरल उभे होते, बुचं नसलेले, भंगारवाल्याची वाट पाहत. 200 लिटरच्या बॅरलमधली हवा पेटण्याजोगी व्हायला 9 मिलिलिटर टोल्युइन उडालं तरी पुरतं; साधारण 58 मिलिलिटरपर्यंत ती तशीच राहते. पंपानं उपसलेल्या बॅरलच्या तळाशी, कडेच्या खाचेत, त्याहून जास्त शिल्लक असतं, आणि ते दिवसभर उडत राहतं. असे बॅरल पुढे पाण्याचे पिंप किंवा तंदूर करायला गॅस-कटरखाली जातात. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरीज ॲक्ट 1948 चं कलम 37 पोटकलम 4 कारखान्याला हेच सांगत असे: ज्वालाग्राही द्रव्य असलेलं किंवा कधी काळी होतं असं भांडं पुरेशी खबरदारी घेतल्याशिवाय तापवायचं, कापायचं, वेल्ड करायचं नाही.

त्या युनिटला सांगितलेली व्यवस्था अशी: बॅरल उलटा करून पूर्ण निथळायचा, दोन्ही बुचं घट्ट लावायची, ‘रिकामा – ज्वालाग्राही’ असं रंगवायचं, सावलीत आडवा ठेवायचा आणि पुरवठादाराला किंवा बॅरल धुण्याचा परवाना असलेल्यालाच द्यायचा. सुट्या भंगारात एकही नाही. निथळलेलं टोल्युइन आणि भिजलेली फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात, तिथून घातक कचऱ्यात. मोरीत टाकलं तर ते गटारातून पुढे जातं, आणि गटाराच्या झाकणाशी वेल्डिंग करणाऱ्या माणसाला ते कुठून आलं हे कळायला वेळ मिळत नाही.